रक्तवाहिनीचे अस्तर: पट्टी कापताना घासून जाणारा पुरावा

हृदयविकाराची चर्चा अजूनही ‘ब्लॉकेज किती टक्के’ याच प्रश्नावर अडते. अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसण्याच्या कितीतरी आधी वाहिनीचे आतले अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, बिघडू लागलेले असते. पेशींचा हा एकच थर. विल्हेल्म हिस यांनी १८६५ मध्ये त्याला हे नाव दिले, पण पुढची शंभरेक वर्षे तो निव्वळ आवरण मानला गेला.

ही समजूत न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत मोडली. सशाच्या महाधमनीची सर्पिल पट्टी कापून तिच्यावर ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचे संदेशवाहक रसायन सोडले की ती आकसायची. जिवंत शरीरात मात्र हेच रसायन वाहिन्या सैल करते. १९७८ मध्ये पट्टीऐवजी धमनीची कडी वापरली आणि आधीचे आकसवणारे औषध धुवायचे राहून गेले, तेव्हा ॲसिटिलकोलीनसारखे औषध सोडताच कडी सैल पडली. पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जाऊन अस्तरच निघून जात होते! खात्रीसाठी अस्तर खरवडलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला आतल्या बाजू समोरासमोर ठेवून जोडली, तर खरवडलेलीही सैल झाली. अस्तरातून काहीतरी पाझरत होते.

ते म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे १९८७ मध्ये साल्व्हादोर मॉनकाडा यांच्या गटाने मोजून दाखवले. याच वायूवरील कामासाठी १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. मॉनकाडा वगळले गेले, हे पटत नाही.

मधुमेह, तंबाखू आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे अस्तरात सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे घातक रूप वाढते आणि ते हा वायू खाऊन टाकते. मग वाहिनी सैल होत नाही, तिच्या भिंतीला प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी चिकटू लागतात. बोस्टनच्या संशोधकांनी १९८६ मध्ये रुग्णांच्या हृदयधमन्यांत ॲसिटिलकोलीन सोडले; रोगट धमन्या रुंदावण्याऐवजी आकसल्या.

अस्तराची सुईविना तपासणी १९९२ मध्ये आली. रुग्णाला उपाशीपोटी, चहा-कॉफी न देता दहा मिनिटे आडवे ठेवायचे. कोपराच्या वरची धमनी सोनोग्राफीने मोजायची. कोपराखाली कफ बांधून वरच्या रक्तदाबापेक्षा निदान ५० मिमी (पाऱ्याचे) जास्त दाब पाच मिनिटे ठेवायचा आणि झटक्यात सोडायचा. मग जोराने धावणाऱ्या रक्तामुळे निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते; साधारण मिनिटभरात धमनी किती रुंदावते ते पाहायचे. कफ दंडावर बांधला, तर मोजायची धमनीच रक्तावाचून राहते आणि निकालात नायट्रिक ऑक्साइडखेरीज इतर कारणे मिसळतात.

चार मिमीची धमनी पाच टक्के रुंदावणे म्हणजे फक्त ०.२ मिमी. प्रोब किंचित सरकला तरी आकडा फसतो, म्हणूनच ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनातच राहिली आहे. नाशिकमध्ये ती करणाऱ्याने आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. निफाडच्या डिसेंबरातल्या गारठ्यातून आलेल्या माणसाच्या वाहिन्या थंडीनेच आकसलेल्या असतात; खोली २२ ते २४ अंशांवर ठेवून त्याला आधी ऊब येऊ द्यावी. आणि ‘तंबाखू घेता का?’ एवढ्यावर थांबू नये. मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका त्याला सरळ ‘नाही’ म्हणतात, म्हणून ‘सकाळी मिश्री लावली का?’ हे वेगळे विचारावे.