‘बॉर्डरलँड्स ४’ची प्रतीक्षा आणि तिच्यावरचे २०१९चे सावट

‘बॉर्डरलँड्स ४’ या व्हिडिओ गेमची घोषणा २० ऑगस्ट २०२४ रोजी कोलोन येथील गेम्सकॉम या गेम-प्रदर्शनात झाली आणि खेळ १२ सप्टेंबर २०२५ रोजी आला. या मधल्या काळात चाहत्यांमध्ये जी चर्चा झाली, तिच्यात कैरोस हा नवा ग्रह, टाइमकीपर हा नवा खलनायक आणि चार नवे व्हॉल्ट हंटर (खेळाडूने निवडायची पात्रे) हे विषय होतेच. पण त्यांच्या बरोबरीने, आणि कित्येकदा त्यांच्याही आधी, खेळ कोणकोणत्या दुकानांत मिळणार, किंमत किती असणार, करारनाम्यात काय लिहिले आहे आणि तारीख का बदलली, हे प्रश्न विचारले गेले. अब्जावधी बंदुका, विनाकारण होणारे स्फोट आणि सतत बडबडणारा रोबो यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मालिकेच्या चाहत्यांना ही सावध सवय मुळात नव्हती. ती त्यांना लागली, आणि ती नेमकी कशी लागली, हे २०१९च्या मार्च-एप्रिलमधील घटना पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पहिला भाग ऑक्टोबर २००९मध्ये आला. तो सुरुवातीला वास्तवदर्शी, करड्या-तपकिरी रूपात दाखवला गेला होता आणि निर्मितीच्या उत्तरार्धात त्याला जाड काळ्या रेषांचे, चित्रकथेसारखे रूप देण्यात आले. तो निर्णय जोखमीचा होता. मालिकेची ओळख पुढे त्याच्यावरच उभी राहिली. सप्टेंबर २०१२मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने हँडसम जॅक हा खलनायक दिला आणि मालिका एकदम मोठी झाली. ऑक्टोबर २०१४मधील ‘द प्री-सिक्वेल’ हा बहुतांशी ऑस्ट्रेलियातील एका स्टुडिओने घडवला, आणि तो स्टुडिओ एप्रिल २०१५मध्ये बंद झाला. त्याच सुमारास ‘टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स’ ही कथाप्रधान मालिका भागाभागांनी येत होती. तिने गोळीबाराला जवळजवळ रजा देऊनही या विश्वातील माणसे किती जिवंत आहेत हे दाखवून दिले. तिचे ऋण मालिकेने पुरेसे मान्य केलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

क्रमांकित दुसऱ्या भागानंतर तिसरा येण्यास सात वर्षे लागली. या सात वर्षांत चाहते नेमके काय करत होते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या वादाचे मूळ तिथे आहे. दुसऱ्या भागाची कथा संपल्यानंतरही हजारो खेळाडू तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळत राहिले. शेवटच्या लढाईतील वॉरियरला मारायचे, लाव्हाच्या काठी पडलेल्या लुटीत दुर्मीळ शस्त्राची खूण असलेला नारिंगी प्रकाशझोत शोधायचा, ‘कॉन्फरन्स कॉल’ ही शॉटगन पडली नसेल तर सेव्ह करून बाहेर पडायचे, पुन्हा आत यायचे आणि त्याच वाटेने त्याच राक्षसापर्यंत धावायचे, असा हा क्रम असे. बंदूक मिळाली तरी तिची पातळी किंवा तिचा पूर्वप्रत्यय (नावाआधी येणारा, तिचे गुण दाखवणारा शब्द) मनासारखा नसेल, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. हे काम एकट्याने कंटाळवाणे आणि चौघांनी मिळून अतिशय आनंदाचे होते. त्यामुळे खेळाडूंचे पक्के गट तयार झाले, आणि पीसीवर खेळणाऱ्यांचे हे गट, त्यांच्या फ्रेंड लिस्ट आणि कित्येक वर्षांचे खेळलेले तास हे सारे जवळजवळ पूर्णपणे स्टीम या एकाच ऑनलाइन दुकानात साठत गेले.

‘बॉर्डरलँड्स ३’ची घोषणा २८ मार्च २०१९ रोजी बोस्टनमधील पॅक्स ईस्ट या गेम-महोत्सवात झाली, तेव्हा या गटांचा उत्साह शिगेला पोहोचला होता. मात्र अवघ्या आठवड्याभरात, ३ एप्रिलला, १३ सप्टेंबर ही तारीख जाहीर करतानाच पीसीवरील खेळ पहिले सहा महिने केवळ एपिक गेम्स स्टोअरवर मिळेल असे सांगण्यात आले. ते दुकान डिसेंबर २०१८मध्ये उघडले होते, म्हणजे तेव्हा त्याला चार महिनेच झाले होते. त्यात खरेदीदारांची परीक्षणे नव्हती. एकाच वेळी अनेक खेळ घेण्यासाठी लागणारी साधी कार्टची सोयही नव्हती. ती यायला डिसेंबर २०२१ उजाडला.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले, त्यातील बरेचसे आजही अर्धवट रूपात सांगितले जाते, म्हणून ते नीट मांडणे योग्य ठरेल. नव्या दुकानाचा मुख्य युक्तिवाद वाट्याचा होता. स्टीमवर विक्रीचा ३० टक्के हिस्सा दुकानाकडे जात असे. मोठ्या विक्रीच्या खेळांसाठी तो २५ आणि २० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचा बदल २०१८च्या अखेरीस झाला, तोही स्पर्धा समोर दिसू लागल्यावर. नवे दुकान १२ टक्केच घेत होते. खेळ बनवणाऱ्याच्या हाती अधिक पैसा राहतो, मक्तेदारीला कुणीतरी आव्हान द्यायलाच हवे, आणि दुसरे लाँचर (दुकानाचे संगणकावरचे अ‍ॅप) उतरवून घेण्यास एक पैसाही लागत नाही, हे तिन्ही मुद्दे खरे होते. त्यांना ‘पैशाची हाव’ म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होते.

परंतु खेळाडूंचा आक्षेपही लाँचरच्या एका जादा चिन्हापुरता नव्हता, जरी त्याची तशी थट्टा पुष्कळ झाली. हिस्सा कमी झाल्याने खेळ स्वस्त झाला नव्हता. किंमत तीच होती आणि सोयी कमी होत्या. स्पर्धा म्हणजे तोच माल दोन दुकानांत असणे आणि गिऱ्हाइकाने निवड करणे, अशी खेळाडूंची समजूत होती. इथे मात्र माल एका दुकानातून सहा महिन्यांसाठी उचलून दुसऱ्यात ठेवला गेला होता. आणि या मालिकेच्या बाबतीत त्याचा परिणाम इतर खेळांपेक्षा अधिक होता, कारण ती गटाने खेळण्याची मालिका आहे. चौघांपैकी एक जण जरी सहा महिने थांबायचे म्हणाला, तरी उरलेल्या तिघांसमोर त्याच्याशिवाय खेळावे की त्याच्यासाठी थांबावे हा प्रश्न उभा राहत होता. एकट्याने खेळायच्या कथाप्रधान खेळात उशिरा येणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. इथे लूट, गुपिते आणि पहिल्या आठवड्याची धांदल ही एकत्र अनुभवायची गोष्ट होती. निर्णय घेणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतल्याचे त्या काळातील जाहीर निवेदनांत दिसत नाही.

त्यातच निर्णय कोणाचा, हेही धूसर झाले. मालिका घडवणाऱ्या गिअरबॉक्स या स्टुडिओच्या प्रमुखांनी हा निर्णय ‘२के’ या प्रकाशकाचा असल्याचे सांगितले आणि त्याच वेळी त्याचे हिरिरीने समर्थनही केले. येत्या पाच-दहा वर्षांत जुने दुकान मरणपंथाला लागलेले दिसू शकेल, असा अंदाजही त्यांनी वर्तवला. २०२४मध्ये, चौथा भाग पहिल्याच दिवशी स्टीमवर येणार हे ठरल्यावर, तो अंदाज फारच आशावादी होता अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली. चाहत्यांना मात्र २०१९मध्ये आपण नेमके कोणाशी बोलत आहोत हेच समजत नव्हते.

परिणाम लगेच दिसला. तिसरा भाग स्टीमवर नव्हताच, म्हणून संताप पहिल्या दोन भागांच्या आणि ‘द प्री-सिक्वेल’च्या परीक्षणांवर निघाला. ज्या खेळांत शेकडो तास घालवले, त्यांनाच खेळाडूंनी नकारात्मक शेरे दिले. काहींनी तर खेळ उत्तम आहे असे लिहून अंगठा खाली केला. असे रिव्ह्यू बॉम्बिंग फेब्रुवारीत आलेल्या ‘मेट्रो एक्सोडस’च्या वेळीही झाले होते, आणि स्टीमने मार्च २०१९मध्ये विषयबाह्य परीक्षणांची लाट ओळखून ती एकूण गुणांकनातून वगळण्याची पद्धत जाहीर केली होती. ती पद्धत प्रथम ठळकपणे वापरली गेली ती याच मालिकेसाठी. परीक्षणे पुसली गेली नाहीत, ती वाचता येत होती; गुणांकनात त्यांची गणना तेवढी थांबली. निषेध विषयबाह्य ठरवण्याचा हा निवाडा योग्य होता का, यावर आजही एकमत नाही. खेळाच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध नव्हता हे खरे आहे. पण ग्राहकाला बोलायला दुसरी जागा ठेवलेली नव्हती, हेही तितकेच खरे आहे, आणि या दुसऱ्या बाजूला कमी वजन दिले गेले.

व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर निर्णय फसला नाही. खेळाच्या पहिल्या पाच दिवसांत सर्व मंचांवर मिळून ५० लाखांहून अधिक प्रती गेल्या. २०२१मध्ये अमेरिकेतील एका वेगळ्याच न्यायालयीन खटल्यात कागदपत्रे उघड झाली. नव्या दुकानाने या व्यवहारासाठी सुमारे १४.६ कोटी डॉलरची बांधिलकी घेतली होती, त्यात ८ कोटी डॉलरची किमान विक्रीची हमी होती आणि ती हमी पहिल्या दोन आठवड्यांतच वसूल झाली, हे त्यातून समजले. हे आकडे वाचल्यावर अनेक चाहत्यांना आपला बहिष्कार किती लहान होता याची जाणीव झाली. त्याचबरोबर आपल्या सहा महिन्यांच्या प्रतीक्षेची किंमत कोणीतरी आधीच मोजून ठेवली होती, हेही त्यांना दिसले. पुढच्या सावधपणात या दुसऱ्या जाणिवेचा वाटा मोठा आहे.

१३ मार्च २०२० रोजी खेळ स्टीमवर आला. दोन्ही दुकानांतील खेळाडूंना एकत्र खेळता येईल अशी सोय त्या वेळी दिली गेली, आणि गट तुटण्याच्या तक्रारीला तेच खरे उत्तर होते. ती पहिल्या दिवशीच असती तर वादाची धार बरीच बोथट झाली असती. तरीही मार्च २०२२मध्ये आलेल्या ‘टायनी टिनाज वंडरलँड्स’च्या वेळी पीसीवर तोच क्रम पुन्हा अवलंबला गेला, फक्त मुदत सुमारे तीन महिन्यांवर आली आणि स्टीमवर तो जूनमध्ये पोहोचला. या खेपेला गदारोळ कमी झाला. लोकांनी मुकाट्याने वाट पाहिली किंवा दुसरे खेळ घेतले.

चौथ्या भागाच्या घोषणेच्या वेळची परिस्थिती या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. जून २०२४मध्ये प्रकाशकाच्या मूळ कंपनीने स्टुडिओच विकत घेतला होता. त्या व्यवहाराचे मोल ४६ कोटी डॉलर होते. ऑगस्टमध्ये आलेला मालिकेवरचा चित्रपट सपशेल आपटला होता, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत नव्या भागाचा ट्रेलर दाखवावा लागला. फेब्रुवारी २०२५मध्ये २३ सप्टेंबर ही तारीख जाहीर झाली. एप्रिलच्या अखेरीस ती अकरा दिवस अलीकडे, १२ सप्टेंबरवर आणली गेली. मोठे खेळ पुढे ढकलले जाण्याची सवय असलेल्या चाहत्यांनी या चांगल्या बातमीकडेही संशयाने पाहिले, आणि त्याच प्रकाशक समूहाच्या दुसऱ्या एका अजस्र खेळाची तारीख काय असेल याचे तर्क सुरू केले. तो खेळ, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’, काही दिवसांतच तेव्हापुरता मे २०२६पर्यंत पुढे गेला.

मे २०२५मध्ये किमतीचा प्रश्न पेटला. खेळ ८० डॉलरचा असेल का, असे एका चाहत्याने विचारले असता, खरा चाहता काहीतरी मार्ग काढेल अशा आशयाचे उत्तर स्टुडिओच्या प्रमुखांकडून आले. उत्तराचा उद्देश काहीही असो, ज्यांच्या निष्ठेचा हिशेब एकदा न्यायालयाच्या कागदांत छापून आला होता, त्यांना ते लागणारच होते. अखेर जूनमध्ये मूळ आवृत्तीची किंमत ६९.९९ डॉलर ठरली. त्याच आठवड्यांत प्रकाशकाच्या सुधारित सेवाशर्तींवरून जुन्या भागांच्या परीक्षणांवर पुन्हा लाट आली. दुसरा भाग काही दिवस स्टीमवर फुकट दिला जात होता, त्यामुळे लक्ष तिकडे अधिकच गेले. त्या शर्तींमुळे खेळाद्वारे खेळाडूंवर हेरगिरी होते हा आरोप स्टुडिओने नाकारला. आरोपातील तांत्रिक भाग अतिरंजित होता असेच दिसते. तथापि सहा वर्षांपूर्वी एखाद्या खेळाडूने सेवाशर्तींचे कलम वाचले असते का, याचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे.

याच प्रतीक्षेची एक निराळी बाजूही नोंदवायला हवी. २०२४च्या अखेरीस कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील एका चाहत्याने, खेळ येईपर्यंत आपण असू की नाही हे माहीत नसल्याने, तो आधी पाहता येईल का अशी जाहीर विनंती केली. स्टुडिओने त्याला टेक्सासला बोलावून घेतले आणि अपूर्ण अवस्थेतला खेळ त्याच्या हाती दिला. दुकाने, हिस्से आणि शर्ती यांवर एवढे भांडण होते, ते मुळात लोकांना या मालिकेबद्दल इतके वाटते म्हणूनच, हे त्या विनंतीखाली जमलेल्या शेकडो संदेशांतून स्पष्ट दिसत होते.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी खेळ पीसीवरील दोन्ही दुकानांत आणि कन्सोलवर एकाच वेळी आला, आणि स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या पहिल्याच शनिवार-रविवारी ३ लाखांच्या पुढे गेली. मालिकेच्या आधीच्या कोणत्याही भागाने हा आकडा गाठला नव्हता. त्याच दिवसांत पीसीवरील संथ कामगिरीबद्दल तक्रारींचा पूर आला आणि परीक्षणे संमिश्र झाली. पण या वेळी ती खेळाबद्दलच होती. ३ ऑक्टोबरला येऊ घातलेली निन्टेन्डो स्विच २ची आवृत्ती मात्र दहा दिवस आधी बेमुदत पुढे ढकलण्यात आली आणि तिच्या डिजिटल प्री-ऑर्डर रद्द होतील असे कळवण्यात आले.