स्टार फेरी (हाँगकाँग)

स्टार फेरी : हाँगकाँग बेट आणि समोरचे कौलून यांच्यामधील व्हिक्टोरिया बंदर ओलांडून उतारूंची ने-आण करणारी बोटसेवा, तसेच ती चालवणारी कंपनी. सेवेचा आरंभ १८८८ चा, कंपनीचे आजचे नाव १८९८ चे. चिनी लोक तिला ‘तिन सिंग’ म्हणतात. तिन म्हणजे आकाश, सिंग म्हणजे तारा. ताफ्यातील प्रत्येक बोटीच्या नावाच्या शेवटी ‘स्टार’ येते. युद्ध, संप, बोगदा, मेट्रो आणि मालकबदल एवढे सगळे होऊनही ही रीत टिकली. बोटी भंगारात गेल्या, बुडाल्या, बदलल्या, पण त्यांची नावे नव्या बोटींवर पुन्हा चढत राहिली. त्यामुळे या ताफ्याचा इतिहास नावांवरूनही बराचसा सांगता येतो.

स्थापना

ब्रिटिशांनी हाँगकाँग बेट १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतले आणि १८६० मध्ये कौलून द्वीपकल्पाचे टोकही आपल्याकडे घेतले. मधली खाडी जेमतेम दीड-दोन किलोमीटरची, पण ती ओलांडायला सांपान नावाच्या वल्ह्याच्या छोट्या होड्यांखेरीज भरवशाचे साधन नव्हते. १८७३ मध्ये वाफेच्या बोटी चालवण्याचा एक प्रयत्न झाला. तो दक्षिण चीनमधील कँटन (आजचे ग्वांगजौ) शहरातल्या ब्रिटिश वाणिज्यदूताच्या आग्रहावरून थांबवावा लागला. बोटी सुरू झाल्या तर लोक कौलूनच्या जुगारअड्ड्यांवर जातील, अशी त्याला धास्ती होती. पुढे ग्रँट स्मिथ नावाच्या इंग्रजाने लाकडी आगबोट आणून फेऱ्या मारल्याचे सांगतात, पण त्यांना वेळापत्रक असे नव्हते.

नियमित सेवेचा मान एका पारशी गृहस्थाकडे जातो. दोराबजी नौरोजी मिठाईवाला १८५२ मध्ये मुंबईहून चीनकडे निघालेल्या जहाजात तिकीट न काढता लपून हाँगकाँगला आले, असे सांगितले जाते. तिथे त्यांनी आधी स्वयंपाक्याचे काम केले, मग बेकरी काढली, हॉटेले चालवली. १८८८ मध्ये त्यांनी कौलून फेरी कंपनी स्थापन केली. पहिली बोट ‘मॉर्निंग स्टार’. मग ‘इव्हनिंग स्टार’ आली आणि दहा वर्षांच्या आत ‘रायझिंग स्टार’ व ‘गायडिंग स्टार’ धरून बोटी चार झाल्या. एकेका बोटीत सुमारे शंभर माणसे मावत, आणि ताफ्याच्या दिवसाला सरासरी १४७ फेऱ्या होत. सोमवारी आणि शुक्रवारी कोळसा भरण्यासाठी सेवा काही वेळ बंद ठेवावी लागे.

त्या काळच्या हाँगकाँगमध्ये पारशी समाज लहान होता, पण वजनदार होता. मुंबईचेच होरमसजी नौरोजी मोदी यांनी हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीला मोठी देणगी दिली, आणि कौलूनमधला मोदी रोड आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. दोराबजींचे नाव मात्र रस्त्यापेक्षा पाण्यावर राहिले, तेही आडून. १८९८ मध्ये निवृत्त होण्याच्या बेतात असताना त्यांनी व्यवसाय कंपनीच्या हवाली केला आणि कंपनीने बोटींचेच आडनाव लावले : स्टार फेरी कंपनी लिमिटेड. या व्यवहारात हाँगकाँग अँड कौलून व्हार्फ अँड गोडाऊन कंपनी, जार्डिन मॅथेसन ही व्यापारी कंपनी आणि सर कॅचिक पॉल चेटर यांचे हितसंबंध होते. चेटर हे कलकत्त्यात जन्मलेले अर्मेनियन. म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या या इंग्रजी नावाच्या कंपनीत मुंबई आणि कलकत्ता दोन्ही आहेत. आज ती व्हार्फ समूहाकडे आहे.

नावाची आख्यायिका

‘स्टार’ कुठून आले, याची एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक पर्यटन-पुस्तिकेत सापडते. दोराबजींना इंग्रज कवी लॉर्ड टेनिसन यांची ‘क्रॉसिंग द बार’ ही कविता फार आवडे. तिच्या पहिल्याच ओळीत सांजताऱ्याचा उल्लेख आहे, म्हणून बोटींना ताऱ्यांची नावे दिली, अशी ती गोष्ट. मात्र कालक्रम तिला नीट साथ देत नाही. कविता १८८९ मध्ये लिहिली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस छापली गेली, तर ‘मॉर्निंग स्टार’ १८८८ मध्येच पाण्यात होती. कंपनीच्या १८९८ च्या नामकरणाच्या वेळी ती मनात असू शकते, पहिल्या बोटीच्या बारशाला मात्र असू शकत नाही. शिवाय ती कविता मृत्यूबद्दलची आहे : समुद्रात निघालेली नाव आणि परत न येणारा प्रवास. रोज संध्याकाळी माणसांना सुखरूप घरी पोचवणाऱ्या बोटीला तिच्यावरून नाव ठेवणे जरा विचित्रच म्हणायचे.

त्याहून साधा अर्थ हाताशी आहे. पहाटेचा शुक्र आणि संध्याकाळची शुक्राची चांदणी हा एकच ग्रह. कामावर जाताना एक तारा, परतताना दुसरा, आणि मुळात दोन्ही एकच : ये-जा करणाऱ्या बोटींच्या जोडीला याहून चपखल नाव सुचणे अवघड.

कोळशापासून विजेपर्यंत

आरंभीच्या बोटी कोळशावर चालणाऱ्या, एकमजली होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांना वरचा मजला आला. सप्टेंबर १९०६ च्या चक्रीवादळाने बंदराची धूळधाण केली, त्यात कौलूनचा धक्काही गेला. तो पुन्हा बांधला गेला, आणि १९१६ मध्ये त्याच्या शेजारीच कौलून–कँटन रेल्वेचे मोठे स्थानक पूर्ण झाले. त्यामुळे बेटावरून बोटीने कौलूनच्या टोकावरील चिम शा चुईला उतरायचे, दोन पावले चालून आगगाडी पकडायची आणि थेट चीनच्या आत जायचे, असा सोपा मार्ग तयार झाला. स्थानक पुढे पाडले गेले, पण त्याचा ४४ मीटर उंच घड्याळाचा मनोरा धक्क्यापाशी अजून उभा आहे.

१९२५ च्या सार्वत्रिक संपात चिनी खलाशी कामावरून निघून गेले, तेव्हा ब्रिटिश आरमाराच्या नौसैनिकांनी बोटी चालवल्या. १९३३ मध्ये ताफ्यात आलेली ‘इलेक्ट्रिक स्टार’ ही डिझेल-विद्युत यंत्रणेवर चालणारी या प्रकारची पहिली उतारू बोट म्हणून ओळखली जाते. तिच्या नावात आकाश नाही, यंत्र आहे. नवलाईचा अभिमान इतका की नावाच्या रिवाजात तेवढी सवलत मिळाली.

याच काळात दुसरी कंपनीही पाण्यात उतरली होती. हाँगकाँग अँड यौमाती फेरी कंपनीने १९२४ मध्ये सेवा सुरू केली आणि १९३३ पासून मोटारीही बोटीने पलीकडे नेल्या. तिच्या बोटींची नावे ‘मान’ या अक्षराने सुरू होत. कँटनी भाषेत त्याचा अर्थ जनता. इकडे सगळे तारे, तिकडे सगळी जनता.

युद्ध

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी हल्ला सुरू झाला. कौलून पडत असताना तिथल्या निर्वासितांना आणि माघार घेणाऱ्या सैन्याला बेटावर आणण्याचे काम स्टार फेरीच्या बोटींनी केले. २५ डिसेंबरला हाँगकाँग शरण गेले आणि बोटी जपान्यांच्या ताब्यात गेल्या. ‘गोल्डन स्टार’मधून युद्धकैद्यांना शाम शुई पोच्या छावणीतून काई ताकच्या विमानतळावर मजुरीला नेले जाई. १९४३ मध्ये कँटनच्या नदीत अमेरिकनांच्या बॉम्बने ती बुडाली. युद्धानंतर सेवा पुन्हा उभी राहिली. आज ताफ्यात असलेली ‘गोल्डन स्टार’ ही १९८९ मधली, नाव तेवढे जुने.

पाच सेंट

बोगदा होण्याआधी खाडी ओलांडायची तर बोटीलाच शरण जावे लागे. त्यामुळे भाड्याचा प्रश्न शहराच्या जिव्हारी लागणारा होता. १९६५ मध्ये कंपनीने पहिल्या वर्गाचे भाडे २० सेंटवरून २५ सेंट करण्याची परवानगी मागितली. खालच्या मजल्याचे भाडे वाढणार नव्हते, पण एक दर वाढला की त्यामागून सगळे वाढतील, ही भीती घरोघर होती. नगर परिषदेच्या सदस्या एल्सी एलियट यांनी विरोधात सह्यांची मोहीम चालवली. ४ एप्रिल १९६६ रोजी सो साउ-चुंग हा तरुण बेटावरच्या धक्क्याजवळ एकटाच उपोषणाला बसला. दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली आणि त्या रात्रीपासून कौलूनमध्ये दंगल पेटली. संचारबंदी लागली, एक जण मरण पावला, हजाराहून अधिक लोक पकडले गेले. दंगलीची मुळे घरटंचाई, भ्रष्टाचार आणि कमी मजुरी यांत होती, हे सरकारी चौकशीनंतर उघडपणे बोलले जाऊ लागले. तरी हाँगकाँगच्या इतिहासात तिची नोंद बोटीच्या नावाने आहे.

सहा वर्षांनी, १९७२ मध्ये, खाडीखालून मोटारींचा बोगदा सुरू झाला आणि १९८० मध्ये मेट्रो खाडीखालून बेटावर पोचली. स्टार फेरी गरजेची राहिली नाही, पण स्वस्त राहिली. १९८८ मध्ये बेटावरील वान चायचा मार्ग जोडला गेला. कौलूनमधील हुंग होमचे मार्ग उतारूंअभावी २०११ मध्ये बंद पडले.

धक्का

बेटाच्या बाजूचा एडिनबरो प्लेसचा धक्का १९५७ चा. त्याच्या मनोऱ्यातले घड्याळ जार्डिनच्या जॉन केसविक यांनी भेट दिलेले होते. भराव टाकून किनारा पुढे सरकवण्याच्या योजनेत हा धक्का आला. ११ नोव्हेंबर २००६ च्या मध्यरात्री इथून शेवटची बोट सुटली. निरोप घ्यायला प्रचंड गर्दी लोटली. डिसेंबरमध्ये पाडकाम सुरू झाले तेव्हा तरुण कार्यकर्ते आत घुसून बसले, पण मनोरा वाचला नाही. फेरीचे भाडे महाग म्हणून चाळीस वर्षांपूर्वी चिडलेले शहर या वेळी फेरीचा धक्का जातो म्हणून चिडले होते. बेटावरच्या बोटी आता नव्या ७ क्रमांकाच्या धक्क्यावर लागतात. मात्र भरावाने खाडीच अरुंद झाल्यामुळे प्रवास पूर्वीपेक्षा आखूड झाला आहे.

बोटींची रचना

आजचा बहुतेक ताफा १९५६ ते १९६५ या काळातला, डिझेल-विद्युत यंत्रणेचा. बोटींना पुढचे आणि मागचे टोक असा भेद नाही. दोन्ही टोकांना सुकाणूची खोली असते. धक्क्याला लागलेली बोट वळत नाही, सारंग फक्त एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातो. उतारूही तेच करतात : बाकांच्या पाठी उलट्या ढकलता येतात, म्हणजे दोन्ही फेऱ्यांत तोंड पुढे राहते. बाकांवर ताऱ्याच्या आकाराची भोके पाडलेली आहेत, हा तपशील सहसा खाली बसल्यावरच लक्षात येतो. रंग खाली हिरवा, वर पांढरा. वरच्या मजल्याचे भाडे जास्त. खालच्या मजल्यावर यंत्राचा आवाज, डिझेलचा वास आणि पाणी जवळ. निळ्या खलाशी पोशाखातला माणूस धक्क्याजवळ आल्यावर लांब दांड्याच्या आकड्याने दोर ओढून घेतो, आणि हे काम अजून हातानेच चालते.

नावांची रीत

इंग्रजी नावे जोडशब्दांची आहेत, चिनी नावे मात्र एका अक्षरापुढे ‘सिंग’ लावून झालेली. काही नावे वेळेची आहेत : मॉर्निंग, डे, मेरिडियन, नाइट. काही धातूंची : सिल्व्हर, गोल्डन. ट्विंकलिंग आणि शायनिंग ही लुकलुकण्या-चमकण्याची, नॉर्दर्न दिशेचे, सोलर सूर्याचे. १९५६ ची ‘सेलेस्टियल स्टार’ चिनीत नुसती ‘तिन सिंग’ होते, म्हणजे बोटीचे आणि कंपनीचे नाव एकच. ‘वर्ल्ड स्टार’ हे त्यातल्या त्यात विचित्र, कारण जगाचा तारा आकाशात कुठेच दाखवता येत नाही. ‘शायनिंग स्टार’ला १९२० च्या दशकातल्या बोटींचा बाज देऊन बंदरदर्शनाच्या फेऱ्यांवर घातले गेले.

भाषांतरात गमतीही झाल्या आहेत. ‘गोल्डन स्टार’ चिनीत ‘काम सिंग’ होते, आणि सोनेरी तारा हे चिनी भाषेत शुक्राचेच नाव आहे. ‘डे स्टार’चे चिनी नावही पहाटेचा तारा असेच आहे. म्हणजे ‘मॉर्निंग’, ‘डे’ आणि ‘गोल्डन’ अशा तीन बोटी एकाच ग्रहाच्या नावाने खाडी ओलांडतात. आख्यायिकेतल्या कवितेत जिचा उल्लेख आहे, ती ‘इव्हनिंग स्टार’ मात्र आजच्या ताफ्यात नाही.