फजरनंतरची शाळा : वऱ्हाडातल्या मक्तब-मदरशांची पार्श्वभूमी

मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, सकाळी सहा-साडेसहाला मशिदीच्या पायरीशी लहान लहान चपलांचा ढीग पडलेला असतो. आत वीस-पंचवीस पोरं-पोरी लाकडी रेहलीपुढे (कुराण ठेवायच्या घडीपुढे) मांडी घालून बसतात आणि डोलत डोलत वाचतात. सगळ्यात लहान असतात ती 'कायदा' घेऊन, म्हणजे अरबीची बाराखडी. त्यांच्यापुढची सिपाऱ्यावर, म्हणजे कुराणाच्या तीस भागांपैकी एकावर, आणि दोन-चार मोठी पोरं पूर्ण कुराणावर. शिकवणारे हाफिजजी, म्हणजे पूर्ण कुराण पाठ असलेले, बिहारचे. ते ओळीवर बोट धरून सांगतात, "बेटा, हलक से बोलो, हलक से." म्हणजे हा आवाज घशातून काढ. साडेसातला पोरं घरी पळतात, चहा-पोळी खातात आणि साडेदहाला तीच पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला उभी असतात. गावात याला 'अरबीला जाणं' म्हणतात. मीही गेलो, माझे वडील गेले, आता नातवंडं जातात.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं की, मदरशाचा विषय निघाला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शाळा सोडून बसलेलं पोर उभं राहतं. गावात जे दिसतं ते मक्तब आहे. मक्तब म्हणजे मशिदीला जोडलेला तास-दीड तासाचा वर्ग; तो शाळेच्या सोबत चालतो. मदरसा वेगळा. तिथे पोरं राहतात, जेवतात आणि हाफिज किंवा आलिम (धर्मशास्त्राचे जाणकार) होऊन बाहेर पडतात. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या २००६ सालच्या सच्चर समितीनं हा फरक नीट मांडला आहे. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात पूर्ण वेळ शिकणारी तिला जेमतेम तीन-चार टक्के आढळली. बाकीची सरकारी आणि खाजगी शाळांत होती, नाहीतर कुठेच नव्हती. आणि कुठेच नसलेली पोरं हाच खरा काळजीचा विषय आहे.

वऱ्हाडात हे शिक्षण कुठून आलं, तर सुरुवात अचलपूरपासून करावी लागते. बहमनी सुलतान दुसरा मुहम्मदशहा १३७८ ते १३९७ या काळात गादीवर होता. हा लढायांपेक्षा विद्येत रमणारा राजा. त्याच्या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. इतिहासकार फरिश्ता लिहितो की, या सुलतानानं गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ अशा गावांत अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या आणि त्यांच्या खर्चाची कायमची सोय लावून दिली. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. वऱ्हाडातल्या मदरशाची मला माहीत असलेली ही सगळ्यात जुनी नोंद, आणि ती दुष्काळाच्या काळातल्या पोरक्या लेकरांसाठीच्या शाळेची आहे. ज्या भागात आजही बाप गेलेल्या घरातलं पोर मदरशात पाठवलं जातं, निदान दोन वेळचं जेवण मिळेल म्हणून, त्या भागात ही सहाशे वर्षांपूर्वीची ओळ वाचताना मी थांबलो होतो.

पुढे १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही आली, १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ती गिळली. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडची १५८२ सालची मशीद त्या काळाची साक्ष म्हणून उभी आहे. औरंगजेबाच्या काळात बाळापूरला नक्शबंदी सुफींची खानकाह नावारूपाला आली. खानकाह म्हणजे सुफींचे मठ, पण ती नुसती पूजास्थानं नव्हेत. तिथे पुस्तकं उतरवली जात आणि शिकायला लांबून माणसं येत.

या शिक्षणाची भाषा फारसी होती आणि ते पोटापाण्याचं शिक्षण होतं. मदरशातून निघालेला माणूस काझी व्हायचा, मुन्शी व्हायचा, दफ्तरात बसायचा. आजही सातबारा काढायला गेलं की मौजे, तालुका, जिल्हा, महसूल, हक्क, नक्कल, दाखल, खारीज असे शब्द कागदावर भेटतात. ते त्याच दफ्तरातून मराठीत आले आणि इथलेच होऊन बसले.

अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमध्ये मुल्ला निजामुद्दीन यांनी (मृत्यू १७४८) जो अभ्यासक्रम बसवला, त्याला 'दर्से निजामी' म्हणतात. आजही भारत-पाकिस्तान-बांगलादेशातले बहुतेक मदरसे याच नावाचा अभ्यासक्रम चालवतात. पण मूळ अभ्यासक्रमात तर्कशास्त्राला भरपूर जागा होती, तत्त्वज्ञान होतं, युक्लिडची भूमिती होती, खगोलशास्त्र होतं. राज्याला हिशेब आणि न्याय जाणणारी माणसं हवी होती म्हणून. आज मदरशात गणित आणा असं कोणी म्हटलं की ते बाहेरून आल्यासारखं वाटतं. ते बाहेरचं नाही, ते परत आणायचं आहे.

मग राज्यच गेलं. १८३७ मध्ये कंपनी सरकारनं कचेऱ्यांतून फारसी काढली. १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि त्याच वर्षअखेर नागपूरच्या भोसल्यांचा वारस संपला म्हणून तेही राज्य खालसा होण्याच्या वाटेला लागलं. फारसी शिकलेल्या माणसाला नोकरी उरली नाही. मदरशाला इनाम देणारा दरबार उरला नाही. १८५७ नंतर उत्तरेत जे झालं, त्यातून बरीच विणकर कुटुंबं दक्षिणेकडे निघाली आणि नागपूरजवळ कामठीला येऊन मागावर बसली. सोबत त्यांनी आपली उर्दू आणली.

३० मे १८६६ रोजी सहारनपूर जिल्ह्यातल्या देवबंदला एका छोट्या मशिदीत डाळिंबाच्या झाडाखाली एक वर्ग सुरू झाला. शिक्षक एक, विद्यार्थी एक, आणि दोघांचं नाव महमूद. मौलाना कासिम नानोतवी आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं की, राजाचा, नबाबाचा, सरकारचा पैसा घ्यायचा नाही. सामान्य माणसाच्या चंद्यावर चालायचं. पण वर्ग, इयत्ता, वार्षिक परीक्षा, ठरलेला पगार, छापील अहवाल ही सगळी रचना त्यांनी त्या काळच्या इंग्रजी शाळा-कॉलेजांची पाहून उचलली. आपण ज्याला जुनाट म्हणतो, तो आजच्या स्वरूपातला मदरसा आगगाडी, टपाल आणि छापखान्याच्या युगात जन्मला आहे.

वऱ्हाडाला तर हे अगदी जवळून लागू पडतं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस मुंबईला नेण्यासाठी घातलेले रूळ; अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशनं त्यावर आली. जाताना कापसाच्या गाठी जायच्या, येताना लखनौची पुस्तकं यायची. लखनौला मुन्शी नवलकिशोर या हिंदू गृहस्थांनी १८५८ मध्ये छापखाना काढला होता आणि अरबी, फारसी, उर्दू धार्मिक ग्रंथ स्वस्तात घराघरांत पोचवण्यात त्यांच्याएवढा वाटा क्वचितच कोणाचा असेल. १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू झाली, तेव्हा खेड्यातला माणूस शेकडो कोस लांबच्या मदरशाला दोन रुपये पाठवू शकू लागला. मदरशाच्या चंद्याचं जाळं टपाल खात्याच्या जाळ्यावर विणलं गेलं.

पुढची फाटाफूट थोडक्यात सांगतो. सर सय्यद अहमद खानांनी १८७५ मध्ये अलीगढला इंग्रजी शिक्षणाची वाट धरली. १८९८ मध्ये लखनौला नदवा हा मदरसा उभा राहिला, दोन्ही वाटा जोडायच्या म्हणून. १९०४ मध्ये बरेलीला अहमद रजा खानांचा मदरसा निघाला. या साऱ्यांचे विद्यार्थी इमाम म्हणून आमच्याकडे येत राहिले आणि त्यांच्याबरोबर देवबंदी आणि बरेलवी या दोन पंथांचा वादही आला. काही गावांत त्यापायी दोन मशिदी झाल्या, दोन मक्तब झाले, वीस पोरांचे दहा-दहा झाले. यात गावाची ताकद फुकट गेली, हे मी मशिदीत बसूनही बोललो आहे.

इंग्रजी अमलात वऱ्हाडात मराठी शाळांबरोबर 'हिंदुस्तानी', म्हणजे उर्दू शाळाही होत्या. १९६० नंतर त्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा म्हणून वाढल्या. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या मोठ्या गावांत त्या आजही भरतात. पण जिथे मुस्लिम घरं पंधरा-वीसच, तिथे पोरं मराठी शाळेतच गेली. आमचं गाव त्यातलं. घरात दखनी वळणाची उर्दू, रस्त्यावर वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, मक्तबात अरबी. आता कॉन्व्हेंटची बस येते, म्हणजे इंग्रजीही.

त्यामुळे उर्दू लिपी वाचणारे कमी होत चालले आहेत, आणि मदरशातलं बहुतेक ज्ञान उर्दूतून शिकवलं जातं. म्हणून पोरांचा तो 'कायदा' देवनागरीतही छापला जातो. मी त्याच्या विरुद्ध नाही, पण अडचण काय ती बघा. अरबीत 'कल्ब' दोन आहेत. एक 'मोठा काफ' या अक्षराचा, जिभेच्या मुळापासून, पडजिभेजवळून येणारा. त्याचा अर्थ हृदय. दुसरा आपल्या साध्या 'क'चा. त्याचा अर्थ कुत्रा. देवनागरीत, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) न देणाऱ्या मराठीत, दोन्ही सारखेच दिसतात. 'स'साठी अरबीत तीन अक्षरं आहेत आणि प्रत्येकाचा उच्चार वेगळा. म्हणून हाफिजजी पोरांना आरशापुढे जीभ कुठे लागते ते दाखवतात. या शास्त्राला तजवीद म्हणतात. ती पुस्तकातून येत नाही, तोंडातून कानात जाते. शिकवणाऱ्याला ज्यानं शिकवलं, त्याला कोणी शिकवलं, अशी साखळी मागे मागे जाते.

हिफ्ज, म्हणजे कुराण पाठ करणं, हेही असंच. तीस पारे, एकशे चौदा सुरे, सहा हजारांवर आयती. रोज तीन कामं : 'सबक' म्हणजे आजचा नवा धडा, 'सबकी' म्हणजे गेल्या काही दिवसांतलं, आणि 'मंजिल' म्हणजे जुनं सगळं फिरवणं. तीन ते पाच वर्षं लागतात. मग रमजानमध्ये पोरगं पहिल्यांदा तरावीहला, म्हणजे कुराण ऐकवायच्या रात्रीच्या नमाजला, उभं राहतं. मागे दुसरा हाफिज कान लावून उभा असतो. चुकलं की तो शब्द पुढे करतो, त्याला 'लुकमा देणं' म्हणतात. लुकमा म्हणजे घास. अडलेल्याच्या तोंडात शब्दाचा घास द्यायचा, ही कल्पना मला अजून तितकीच गोड वाटते.

आता पैशाचं. गावातल्या इमामाचा पगार घराघरांतून गोळा होतो. त्यात एक कुटुंब चालणं कठीण. फिक्हच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, पुस्तकांत 'उश्र'चा नियम आहे : पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि ज्याला पाणी देण्याचे कष्ट पडले त्या पिकाचा विसावा. आमच्या भाषेत कोरडवाहूला दहावा, ओलिताला विसावा. नियम करणाऱ्यांनी शेतकऱ्याचे कष्ट मोजले, हे खरं. पण कापूस-सोयाबीनवाल्या कोरडवाहू गावात खर्च वजा जाता दहाव्या हिश्शाला उरतं किती? पाऊस दगा देतो त्या वर्षी मक्तबही उपाशी असतं. इमाम गाव सोडून जातो आणि सहा-सहा महिने पोरांचा सबक थांबतो.

महाराष्ट्रात उत्तर प्रदेशसारखं मदरसा बोर्ड नाही. २०१३ मध्ये राज्यानं डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आणली; गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवायला शिक्षक आणि अनुदान. २०१५ मध्ये, जिथे हे विषय शिकवले जात नाहीत तिथली मुलं शाळाबाह्य धरायची, असा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड.वाल्यांचं ८,००० वरून १८,००० रुपये करण्याचं ठरलं. त्यानंतर महिन्याभरात, ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा कायदा वैध ठरवला. फक्त कामिल आणि फाजिल या पदवी दर्जाच्या परीक्षा बोर्डाच्या अधिकारातून काढल्या. मानधन वाढलं हे चांगलंच झालं. मात्र योजना नोंदणीकृत मदरशांसाठी आहे, गावातल्या मक्तबाच्या हाफिजजींपर्यंत ती येत नाही.

बाहेर, इजिप्तच्या अल-अजहरनं १९६१ मध्येच वैद्यक आणि इंजिनीअरिंग आत घेतलं. आपल्या राज्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी १९७९ मध्ये मदरसा काढला आणि पुढे त्याला आयटीआय, फार्मसी, इंजिनीअरिंग जोडत नेलं. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ मेडिकल कॉलेजही उभं केलं. २०११ मध्ये काही महिने ते देवबंदचे प्रमुखही होते. मुलींच्या बाबतीत, नदव्यात शिकलेल्या मोहम्मद अक्रम नदवींनी हदीस (पैगंबरांची वचनं) शिकवणाऱ्या हजारो स्त्रियांची चरित्रं शोधून काढली; २०२१ मध्ये ती अरबीत ४३ खंडांत प्रसिद्ध झाली. आमच्या गावात मुलींना दुपारी शिकवणारी आपा आठवी शिकलेली आहे. मी तिला हे सांगितलं, तेव्हा तिनं दोनदा विचारलं, "चाचा, त्रेचाळीस?"

अलीकडे हाफिज झालेली पोरं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसू लागली आहेत. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि २ मार्चला पहिला रोजा आला. आमच्या गल्लीतला एक हाफिज रात्री तरावीहमध्ये सव्वा पारा सुनवायचा, सहरीनंतर, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणानंतर, गणिताची उजळणी करायचा आणि अकराच्या पेपरला एसटीनं तालुक्याला जायचा. बसमध्ये तो काय पुटपुटतो म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "चाचा, आधा सबक है, आधा प्रमेय."