टिम्स वेगळी, पिसा वेगळी

‘गणितात अमुक देश जगात पुढे’ अशी बातमी आली की आधी विचारावं: कोणत्या चाचणीत? टिम्स आणि पिसा या शाळकरी मुलांच्या दोन आंतरराष्ट्रीय चाचण्या. दोन्हींचे आकडे ५००च्या आसपास फिरतात, दोन्हींची क्रमवारी लागते, त्यामुळे एकीचा निकाल सर्रास दुसरीच्या नावावर खपतो. प्रत्यक्षात दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे, गुणाला गुण लावून पाहता येत नाही.

टिम्स १९९५पासून दर ४ वर्षांनी होते, ती आयईए ही शैक्षणिक मूल्यमापन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था घेते. चौथी आणि आठवीची मुलं, प्रश्न शाळेतल्या अभ्यासक्रमाला धरून: समीकरण सोडवा, कोन काढा. पिसा २०००पासून ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना घेते. तिथे सातवीपासून पुढची कोणतीही इयत्ता चालते, वय १५ हवं. प्रश्नात एखादा प्रसंग असतो, त्यातलं गणित आधी ओळखावं लागतं, मग सोडवायचं.

याने किती फरक पडतो? टिम्स २०११मध्ये आठवीत रशियाला ५३९ गुण, फिनलंडला ५१४. पुढच्याच वर्षी पिसात फिनलंड ५१९, रशिया ४८२. सगळं उलटं! (सिंगापूरसारखे देश दोन्हींकडे वरच असतात; उलथापालथ मधल्या फळीत होते.) पिसातल्या यशामुळे फिनलंडच्या शाळा पाहायला जगभरातून शिष्टमंडळं जात होती. त्याच काळात, २००५मध्ये, तिथल्या उच्च शिक्षणातल्या २००हून अधिक गणित शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिलं: पिसा अर्धंच सत्य सांगते, मुलांचा बीजगणित-भूमितीचा पाया कच्चा आहे. मला ते पत्र फार मोलाचं वाटतं. जग कौतुक करत असताना असं बोलायला धैर्य लागतं.

धोरण आखणाऱ्यांनी हा फरक डोळ्यांआड केला तर भुर्दंड मुलांना पडतो. पिसात मागे पडलेल्या देशाने पाठ्यपुस्तकात नुसते जास्त धडे घातले, तर ज्या उणिवेवर बोट ठेवलं गेलं ती तशीच राहते.

शिवाय नमुना कसा निवडतात तेही पाहा, याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. टिम्समध्ये अख्खा वर्ग घेतात आणि त्याच वर्गाच्या शिक्षकांनाही प्रश्नावली देतात, त्यामुळे शिकवणं आणि निकाल शेजारी ठेवून पाहता येतात. पिसात शाळेतली १५ वर्षांची मुलं निरनिराळ्या वर्गांतून उचलली जातात. कोणत्या मुलाला कोणी कसं शिकवलं, हे त्यातून जुळवता येत नाही. आणि तरीही ‘शिक्षकांनी असं शिकवावं’ हे सांगताना दाखला बहुतेक वेळा पिसाचाच दिला जातो.