फोर बाय फोर गाडीतील ब्रेक आणि डिफरन्शियल लॉक

डिफरन्शियल लॉक : एकाच ॲक्सलवरची दोन्ही चाके एकमेकांशी जखडून ती सारख्याच वेगाने फिरतील अशी सोय. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या म्हणजेच फोर बाय फोर गाड्यांत ती चिखल, दगडगोटे, ओहोळ अशा पकड सुटणाऱ्या जागी वापरतात. गोव्यात कुळ्याहून दूधसागरला जाणारी जंगलवाट, सत्तरी आणि सांगे तालुक्यांतले कुळागरांचे (सुपारीच्या बागांचे) कच्चे रस्ते आणि जांभ्याचे सडे ही तिची नेहमीची ठिकाणे. लॉक गाडी पुढे काढतो. ती थांबवतात ब्रेक, आणि उतारावर तिला आवरून धरते मुख्यतः इंजिन. या तीन कामांची गल्लत झाली की हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा ॲक्सलमधला दांडा) तुटण्यापासून गाडी कलंडण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

डिफरन्शियल काय करते

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांब पल्ला कापावा लागतो. दोन चाकांमधले अंतर १.५ मीटर धरले, तर काटकोनी वळणात बाहेरचे चाक सुमारे २.३६ मीटर जास्त धावते. हा फरक भागवण्यासाठी ॲक्सलच्या मधल्या हौसिंगमध्ये (कवचात) डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर देते, आणि तो कमी पकड असलेल्या चाकाला पेलेल तेवढाच असतो. एक चाक शेवाळलेल्या दगडावर आले किंवा अधांतरी राहिले की ते गरगर फिरते आणि घट्ट जमिनीवरचे दुसरे चाक नुसते उभे राहते. फोर-हाय किंवा फोर-लो (चारही चाकांना जोर देणाऱ्या, अनुक्रमे नेहमीच्या आणि मंद वेगाच्या जोडण्या) लावूनही पुढचे एक आणि मागचे एक चाक सटकले तर गाडी जागची हलत नाही. ‘फोर बाय फोर असूनही रुतली’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

लॉक तीन तऱ्हांचे. फोर्स गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलना लॉक असतो आणि चालक तो स्वतः लावतो-काढतो. २०२० नंतरच्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागे आपोआप लागणारा यांत्रिक लॉक मिळतो. मंद वेगात एक चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला सुमारे १०० फेरे जास्त फिरू लागले की तो खाडकन लागतो. अशा गाडीत ॲक्सिलरेटर हळू आणि सलग दाबावा. पाय झटकन दाबला तर लॉक लागतानाचा धक्का गाडीला आडवी करतो.

तिसरी तऱ्हा ब्रेकची. सुझुकी जिम्नीसारख्या गाडीत यांत्रिक लॉक नसतो. सटकणाऱ्या चाकाचा ब्रेक संगणक दाबतो आणि त्यामुळे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. इथे पुष्कळ जण एक चूक करतात: चाक फिरू लागले की पाय उचलतात. यंत्रणेला काम करायला ॲक्सिलरेटर काही क्षण धरून ठेवावा लागतो. मात्र तेच ते फार वेळ केले तर पॅड तापतात. मग यंत्रणा काही मिनिटांसाठी स्वतःला बंद करते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्या वेळी उतरून चाकाखाली दगड रचावेत. तेवढ्यात ब्रेकही निवतात.

जुन्या गाड्यांत हाच परिणाम हँडब्रेकने साधतात. मागचे एक चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून ॲक्सिलरेटर द्यायचा. हँडब्रेक मागच्या चाकांच्या ड्रमवर असेल तर याचा थोडाफार उपयोग होतो. जुन्या विलिस घराण्यातल्या जीपप्रमाणे तो ट्रान्सफर केसमागे (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीमागे) प्रोपेलर शाफ्टवर (ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्यावर) असेल तर काहीच होत नाही, कारण तो डिफरन्शियलच्या अलीकडे बसलेला असतो आणि दोन चाकांमधला फरक त्याला कळतच नाही.

लॉक लावणे आणि काढणे

लॉक लावण्याची वेळ अडकण्याआधीची. वाट पायी पाहून, अडचणीच्या जागेआधी दहा-पंधरा मीटरवर गाडी थांबवावी. क्लच दाबून फोर-लो टाकावा. त्यात चाकांवरचा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. स्टिअरिंग सरळ ठेवून आधी मागचा लॉक लावावा, आणि एखादा मीटर सावकाश पुढे जाऊन दिवा स्थिर झाला का ते पाहावे. दिवा लुकलुकत असेल तर लॉकचे दाते अजून एकमेकांत बसलेले नाहीत. ते बसण्याआधी जोर दिला तर कडा झिजतात आणि पुढे ऐन वेळी लॉक सटकतो. चाक फिरत असताना तर लॉक कधीच लावू नये. एक बाजू उभी, दुसरी भरवेगात, अशा स्थितीत दाते तुटतात आणि त्यांचे तुकडे क्राऊन-पिनियनमध्ये (ॲक्सलमधल्या मुख्य दातेरी चाकांमध्ये) जातात.

पुढचा लॉक सर्वांत शेवटी, आणि सरळ वाटेवरच. तो लागला की स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते. चाके पूर्ण वळवून जोर दिला तर पुढच्या सांध्यांवर सर्वांत जास्त ताण येतो आणि ते तुटतात. जंगलवाटेवर तुटलेला पुढचा सांधा म्हणजे गाडी ओढून बाहेर काढण्याचा दिवसभराचा उद्योग.

अडचण ओलांडली की उलट क्रमाने सगळे काढावे: पुढचा लॉक, मागचा लॉक, मग फोर-लो. कधी लिव्हर सुटतो पण दिवा विझत नाही. शाफ्टमध्ये पीळ साठलेला असतो. जबरदस्ती न करता तीन-चार मीटर सरळ मागे यावे आणि स्टिअरिंग किंचित डावीउजवीकडे हलवावे. पीळ उतरतो आणि लॉक सुटतो. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल नसलेल्या गाड्यांत नुसत्या फोर-हायनेही घट्ट डांबरावर असाच पीळ भरतो. पावसाने भिजलेल्या डांबराचीही पकड त्यासाठी पुरेशी असते. चोर्ला किंवा अनमोड घाटात पाऊस आहे म्हणून वळणांवर फोर-हाय लावून ठेवल्याने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात.

आडव्या उतारावर लॉक घात करतो. लॉक नसताना एक चाक सटकते आणि दुसरे निदान गाडीचा मागचा भाग जागेवर धरून ठेवते. लॉक असताना दोन्ही चाके एकदम सटकतात आणि मागचा भाग दरीकडे सरकतो. ओल्या तांबड्या मातीवर हे क्षणात घडते. अशा जागी लॉक काढून, पाय हलका ठेवून जावे.

उतार

तीव्र उतारावर फोर-लो, पहिला गिअर, आणि दोन्ही पाय पेडलांवरून बाजूला. गाडी इंजिनाच्या आधारे रांगत उतरते. क्लच दाबला की हा आधार संपतो, म्हणून उतारावर डावा पाय क्लचवर ठेवण्याची सवय मोडलीच पाहिजे. ब्रेक लावायचा तर टोचून-टोचून नव्हे, हलका आणि सलग. चाक जाम झाले की स्टिअरिंग ऐकत नाही. मागचा भाग आडवा होऊ लागला तर मन ब्रेककडे धावते, पण करायचे उलट: स्टिअरिंग उताराच्या दिशेने सरळ करून ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श द्यायचा, म्हणजे चाके पुन्हा गाडीच्या वेगाने फिरू लागतात आणि पकड परत येते.

सरळ, खाचखळग्यांच्या उतारावर मागचा लॉक उपयोगी पडतो, कारण इंजिनाचा रोध दोन्ही चाकांना मिळतो. वळणाच्या निसरड्या उतारावर तो काढावा. बऱ्याच गाड्यांत लॉक लावताच ए.बी.एस. (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्थैर्ययंत्रणा बंद पडतात. आपल्या गाडीत काय होते ते पुस्तिकेत आधीच वाचून ठेवावे. ए.बी.एस. चालू असले तरी सुट्या जांभ्याच्या गोट्यांवर गाडी थांबायला जास्त अंतर लागते, कारण जाम झालेल्या चाकापुढे गोट्यांचा जो ढीग साठून अडसर झाला असता तो साठत नाही.

लांब घाटात अडचण वेगळी असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर किमान १५५. डॉट-३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. सतत दाबलेल्या ब्रेकच्या उष्णतेने ते पाणी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. गोव्याच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्याचा नियम पाळावाच. पेडल मऊ पडले तर खालचा गिअर टाकावा, पेडल भराभर दाबून-सोडून थोडा दाब तयार करावा आणि गाडी सुरक्षित जागी लावून ब्रेक अर्धा तास निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. ती वाकडी होते किंवा तडकते.

चढ अर्ध्यात फसला तर

गाडी चढावर बंद पडली की पाय-ब्रेक घट्ट, हँडब्रेक घट्ट. इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरमध्ये (पेडल हलके करणाऱ्या भागात) एक-दोन दाबांपुरतीच मदत शिल्लक असते, पुढे पेडल दगडासारखे होते. म्हणून पहिला दाब सोडू नये. क्लच दाबून फोर-लोमध्येच रिव्हर्स टाकावा, इंजिन सुरू करावे, क्लच सावकाश पण पूर्ण सोडावा. इंजिनाने गाडी धरली आहे हे जाणवले की हँडब्रेक काढून पाय-ब्रेक हळूहळू सैल करावा आणि आरशात पाहत सरळ मागे उतरावे. या वेळी भार मागच्या, म्हणजे खालच्या चाकांवर असतो आणि पुढची चाके हलकी झालेली असतात. जोराने ब्रेक दाबला तर तीच आधी जाम होतात आणि गाडीचे तोंड फिरते. चढावर गाडी वळवून घेण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आडवी झालेली उंच गाडी कलंडायला वेळ लागत नाही.

ओहोळ

दूधसागरची वाट पावसाळ्यात बंद असते, आणि ती खुली असतानाही तिथे परवाना असलेल्या जीपच जातात. पण ओहोळाचे तंत्र सगळीकडे तेच. पाण्यात उतरण्याआधी तळ काठीने चाचपावा आणि लॉक काठावरच लावून घ्यावा. थारसाठी ६५० आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर खोली कंपनी सांगते. ती संथ पाण्यासाठी समजावी. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर जाण्याआधी दोनदा विचार करावा. तापलेले ॲक्सल हौसिंग थंड पाण्यात बुडले की आतली हवा आकुंचन पावते. ब्रीदरची (हौसिंगमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी मातीने बुजली असेल तर ती पोकळी सीलमधून पाणी ओढते. पैलतीरी पोचल्यावर ओले ब्रेक पहिल्या एक-दोन दाबांना धरत नाहीत. सावकाश चालवत, हलका ब्रेक लावून ते वाळवावेत. ड्रम ब्रेकला जास्त वेळ लागतो, आणि आत अडकलेला गाळ लायनर घासत राहतो, म्हणून ओहोळाच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचे ड्रम उघडून साफ करावे लागतात.

थांबलेली गाडी

ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते. पार्किंगपूर्वी त्याचा लिव्हर पाहावा. प्रोपेलर शाफ्टवरच्या हँडब्रेकचा धोका चाक बदलताना दिसतो: मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचे दुसरे चाक मोकळे होते आणि गाडी जॅकवरून सरकते. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून चिऱ्याचे तुकडे लावल्याशिवाय जॅक चढवू नये. हा हँडब्रेक चालत्या गाडीत ओढूही नये. शाफ्टचे क्रॉस (सांधे) तुटतात.

देखभाल

किनाऱ्याची खारी हवा आणि रायबंदर-चोडणसारख्या फेरीधक्क्यांवरचे पाणी यांनी ब्रेकचे पाइप, कॅलिपरच्या पिना आणि हँडब्रेकची केबल गंजते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी उतरवायला गोव्यात बंदी आहे. मोरजी, आगोंद, गालजीबाग हे तर सागरी कासवांचे विणीचे किनारे.

लॉक वापरात नसेल तर त्याचा काटा (लॉक सरकवणारा भाग) हौसिंगमध्ये जाम होतो. महिन्यातून एकदा सुट्या मातीवर, सरळ रेषेत, वीसेक मीटर तो लावून काढावा. खोल पाण्यातून आलेली गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी हौसिंगचा खालचा बोल्ट किंचित सैल करावा. पाणी शिरले असेल तर तेच आधी टपकते. तेल दुधाळ दिसले तर सगळे काढून पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे नवे भरावे, आणि ब्रीदरची नळी फुंकून मोकळी आहे का ते त्याच वेळी पाहावे.