उलटा वर्ग : गोव्यातील विज्ञान महाविद्यालयांतील अध्यापनपद्धती

विषयाची प्राथमिक ओळख विद्यार्थ्याने तासाला येण्यापूर्वीच करून घ्यायची आणि तासाचा वेळ प्रश्न, चर्चा व आकडेमोड यांसाठी मोकळा ठेवायचा, अशी ‘उलटा वर्ग’ ही अध्यापनपद्धती आहे. प्राध्यापकांच्या बोलण्यात ती ‘फ्लिप्ड क्लासरूम’ याच नावाने येते. घरी पाहायचा व्हिडिओ हा तिचा सर्वांत ठळक दिसणारा भाग. प्रत्यक्षात पद्धत टिकते की कोसळते, हे तासात विचारलेल्या प्रश्नांवर ठरते.

पूर्वपीठिका

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी व्याख्यान मध्येच थांबवून संकल्पनेवर प्रश्न विचारायला आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत चर्चा घडवायला सुरुवात केली. सूत्रे घालून गणिते सोडवणारे विद्यार्थी साध्या संकल्पनात्मक प्रश्नावर अडखळतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. २००७ च्या सुमारास अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शालेय शिक्षकांनी व्हिडिओची जोड दिली. अमेरिकेतील भौतिकीचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या यांत्रिकीच्या चाचण्या तपासल्या. शक्य असलेल्या सुधारणेपैकी प्रत्यक्षात झालेली सुधारणा पारंपरिक वर्गांत सरासरी ०.२३, तर विद्यार्थी चर्चेत सहभागी होणाऱ्या वर्गांत ०.४८ भरली. विज्ञान, अभियांत्रिकी व गणितातील २२५ अभ्यासांचा आढावा स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये घेतला. त्यात नापासांचे प्रमाण केवळ व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत २२ टक्के आढळले. हे निष्कर्ष चर्चेच्या तासाचे आहेत, व्हिडिओचे नाहीत. ऑनलाइन साधनांची जाहिरात करताना हा फरक सोयीस्करपणे गाळला जातो.

गोव्यातील चौकट

गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ ची. मुख्य परिसर ताळगावच्या पठारावर. संलग्न महाविद्यालयांत विज्ञान पदवीचा अभ्यासक्रम बराचसा समान असल्याने म्हापशात केलेले साहित्य मडगावातही चालते. स्वायत्त महाविद्यालयांत मात्र घटकांचा क्रम जुळतो का, हे आधी पाहावे लागते. राज्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने महासाथीच्या काळात ‘दिश्टावो’ हा उपक्रम सुरू केला. त्यात इथल्याच प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार केलेले व्हिडिओ आहेत आणि सोबत लिखित साहित्यही आहे. केंद्राचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे ‘स्वयम्’ व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून घेता येतात. म्हणजे साहित्याची वानवा नाही. नव्याने व्हिडिओ करायला बसण्याआधी आहे ते वापरून पाहणे शहाणपणाचे, कारण सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन असते आणि आठ मिनिटांच्या व्हिडिओला तयारीसकट अख्खी संध्याकाळ सहज जाते.

तासापूर्वीचे साहित्य

ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या एडएक्स व्यासपीठावरील लाखो व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधील विश्लेषणात असे दिसले की व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. म्हणून एका व्हिडिओत एकच संकल्पना ठेवावी आणि तो सहा ते आठ मिनिटांत संपवावा. पंचवीस मिनिटांचा तयार व्हिडिओ घेतला तर ‘४:१० ते ९:३० पाहा’ असे स्पष्ट लिहून द्यावे. ४८० पी दर्जा स्लाइड वाचायला पुरतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात. त्यामुळे फाइल उतरवून घेण्याजोगी हवी, सोबत दोन पानांचे पीडीएफ टाचण हवे आणि मुदत किमान ४८ तासांची हवी. रात्री नऊला व्हिडिओ टाकून सकाळी साडेआठला चाचणी ठेवली की पहिल्याच आठवड्यात वर्ग हातातून जातो.

व्हिडिओखाली तीन-चार प्रश्नांची चाचणी असते. शेवटचा प्रश्न नेहमी मोकळा ठेवतात : ‘यातले काय कळले नाही?’ ही उत्तरे तासाच्या आदल्या रात्री वाचून प्राध्यापक तासाचा आराखडा ठरवतो. मूडल या ऑनलाइन अध्यापन-चाचणी प्रणालीत ‘कॅल्क्युलेटेड’ प्रकारचा प्रश्न प्रत्येकाला वेगळे आकडे देतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवरून फिरलेले उत्तर निरुपयोगी ठरते. चाचणीला अंतर्गत मूल्यमापनात, म्हणजे आयएसएत, थोडे गुण ठेवावेत. शून्य ठेवले तर कोणी पाहत नाही, फार ठेवले तर सगळे एकमेकांचे उतरवतात.

तास

एका प्रश्नाचे चक्र असे चालते : प्रश्न फळ्यावर, दीड-दोन मिनिटे प्रत्येकाचा स्वतंत्र विचार, पहिले मत, शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटे चर्चा, दुसरे मत, मग स्पष्टीकरण. पहिल्या मतात बरोबर उत्तरे ३० टक्क्यांहून कमी असतील तर चर्चा घडवू नये. चुकीचीच समजूत पक्की होते, तेव्हा संकल्पना थोडक्यात पुन्हा सांगावी. ७० टक्क्यांहून अधिक असतील तर चर्चेत वेळ न घालवता पुढे जावे. मधला पट्टा हाच उपयोगाचा. साठ मिनिटांत असे तीन, फार तर चार प्रश्न होतात.

मत घेण्यासाठी प्रत्येकाकडे मोबाइल असण्याची गरज नाही. प्लिकर्स पद्धतीत विद्यार्थी चौकोनी छापील कार्ड ए, बी, सी, डी यांपैकी हवी ती बाजू वर धरून उंचावतात आणि प्राध्यापकाचा एकच फोन वर्गभर फिरून ती टिपतो. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नये. ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला ती ओळखता येत नाहीत. मोठ्या वर्गात बाकावर दोघांत एक कार्ड दिले तरी चालते.

चांगला प्रश्न आकडेमोडीचा नसतो. आम्ल-आम्लारी टायट्रेशनचे, म्हणजे ब्युरेट या तोटीच्या मापननळीतून आम्लारी थेंबथेंब सोडून आम्ल नेमके उदासीन करण्याच्या प्रयोगाचे, उदाहरण घ्या : पिपेटने १० मिली ०.१ एम हायड्रोक्लोरिक आम्ल कोनिकल फ्लास्कमध्ये घेतले आणि त्यात २० मिली डिस्टिल्ड वॉटर घातले. ब्युरेटचे रीडिंग तिप्पट होईल, एकतृतीयांश होईल, तेवढेच राहील, की रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या इंडिकेटरवर ठरेल? आम्लाचे मोल, म्हणजे त्याचे एकूण प्रमाण, बदलत नाहीत, म्हणून रीडिंग तेवढेच राहते. पण तीव्रता बदलली हे दिसत असल्याने अनेक जण चुकतात. लगेच पुढचा प्रश्न : फ्लास्क पाण्याऐवजी त्याच आम्लाने विसळला तर? आणि ब्युरेट सोडियम हायड्रॉक्साइडने न विसळता ओलीच वापरली तर? दोन्ही वेळा रीडिंग वाढते, पण कारणे निराळी : पहिल्यात आम्लाचे मोल वाढतात, दुसऱ्यात ब्युरेटमधले द्रावण पातळ होते. हा फरक शेजाऱ्याला समजावताना विद्यार्थी कोकणी किंवा मराठीवर येतात. त्यांना अडवू नये. अनेकांचे प्राथमिक शिक्षण मराठी वा कोकणी माध्यमातले असते. युक्तिवाद त्या भाषेत सुटला की इंग्रजी वाक्य लिहिणे जमते.

प्रयोगशाळा

शिक्षण मंत्रालयाच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्पातील संगणकावरचे प्रयोग प्रॅक्टिकलला पर्याय म्हणून नव्हे, तर पूर्वतयारी म्हणून ठेवावेत. पडद्यावरच्या ब्युरेटच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकत नाही. खऱ्या ब्युरेटमध्ये तो मध्येच सुटला की रीडिंग उगाच जास्त येते. पडद्यावर डोळा मेनिस्कसच्या, म्हणजे द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या, वर-खालीही होत नाही. पूर्वतयारी केलेली बॅच मात्र पहिली वीस मिनिटे ‘काय करायचे’ विचारण्यात घालवत नाही. जर्नलमधले आकडे वर्षानुवर्षे तेच राहू नयेत म्हणून प्रत्येक जोडीला वेगळ्या तीव्रतेचा नमुना द्यावा आणि शेवटच्या रीडिंगचा फोटो जोडायला सांगावा.

भौतिकीत आखेन विद्यापीठाचे मोफत ‘फायफॉक्स’ ॲप खरी उपकरणशाळा खिशात देते. ध्वनीचा वेग मोजण्यासाठी दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवतात आणि दोन्हींवर अकूस्टिक स्टॉपवॉच लावतात. पहिल्या फोनजवळच्या टाळीने दोन्ही घड्याळे सुरू होतात, दुसऱ्याजवळच्या टाळीने थांबतात. दोन वेळांतला फरक म्हणजे ध्वनीला १० मीटर जायला लागलेला वेळ. ३० अंश सेल्सिअसला वेग सुमारे ३४९ मीटर प्रतिसेकंद, म्हणून फरक सुमारे २८.६ मिलिसेकंद यायला हवा. अंतर ५ सेंटिमीटरने चुकले तर त्रुटी १ टक्का. घड्याळ एका मिलिसेकंदाने उशिरा जागे झाले तर साडेतीन टक्के. म्हणून मोजपट्टीपेक्षा आवाजाची मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, नीट लावण्यावर लक्ष द्यावे. पंखे बंद करावेत. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली हा प्रयोग लावूच नये, पावसाचा ताशा घड्याळ आधीच सुरू करतो. क्रमिक पुस्तकातले ३३२ मीटर प्रतिसेकंद हे मूल्य शून्य अंशाचे आहे. ते ‘बरोबर उत्तर’ म्हणून जर्नलमध्ये येत असेल तर आकडे घरी बनवले आहेत.

क्षेत्रभेट

वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्रात ओळख पटवण्याचा भाग आधी घरी आटोपला तर क्षेत्रभेटीचा दिवस मोजणीला मिळतो. चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य १.७८ चौरस किलोमीटरचे आहे. रायबंदरहून फेरीने पोचता येते, वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. कांदळाची आधारमुळे आणि तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे यांतला फरक व्हिडिओत पाहून आलेला विद्यार्थी १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखून सरळ नोंदीला लागतो. दिवस भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवावा, कॉलेजच्या वेळापत्रकावरून नाही; भरतीत मुळे पाण्याखाली जातात. प्रत्येक झाडाचे चार फोटो हवेत : पानाची वरची बाजू, खालची बाजू, मुळे, फूल किंवा फळ. फोनचे लोकेशन निघण्यापूर्वी चालू आहे का ते पाहावे.

अडचणी

सर्वांत मोठी चूक प्राध्यापकाकडूनच होते. निम्म्या वर्गाने व्हिडिओ पाहिला नाही असे दिसताच तो व्हिडिओतलेच पुन्हा फळ्यावर शिकवू लागतो. ज्यांनी पाहिला त्यांना तास फुकट गेल्यासारखा वाटतो, न पाहणाऱ्यांना न पाहणेच फायद्याचे ठरते, आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीच पाहत नाही. न पाहिलेल्यांना मागच्या बाकावर टाचण वाचायला दहा मिनिटे द्यावीत आणि प्रश्न ठरल्याप्रमाणे सुरू करावा. दुसरी अडचण परीक्षेची. सत्राअखेरची परीक्षा, म्हणजे एसईए, व्याख्या आणि सिद्धतांवरच बेतलेली असेल तर विद्यार्थी चर्चेला वेळेचा अपव्यय मानतात, आणि त्यांचे चुकतही नाही. प्रश्नपत्रिकेत वर्गात चर्चिलेल्या धाटणीचे दोन-तीन प्रश्न आले की तक्रार बरीच ओसरते. सगळे विषय एकाच सत्रात उलटे करणेही जड जाते. चार विषयांचे व्हिडिओ एकाच रात्री पाहायला कोणाला जमणार? विभागाने एका सत्रात एकच विषय, त्यातही अवघड ठरलेले दोन घटक निवडून सुरुवात केलेली बरी.