ईम

ईम : इंग्लंडच्या डर्बिशर परगण्यातील एक खेडे. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, चुनखडीच्या डोंगरउतारावर वसलेले. १६६५-६६ च्या प्लेगच्या साथीत ग्रामस्थांनी आपण होऊन गावाच्या वेशी बंद केल्या, ही हकीकत सर्वपरिचित आहे. साथीपूर्वीच्या इतिहासाकडे त्यामानाने फारसे कोणी वळलेले नाही. शिशाच्या खाणी हा येथला जुना धंदा. चर्चच्या आवारातील कोरीव दगडी क्रूस सामान्यतः आठव्या-नवव्या शतकांतला मानतात.

साथ गावात कशी आली याबद्दल एकवाक्यता नाही. लंडनहून शिंप्याकडे कापडाची पेटी आली, कापड दमट होते म्हणून ते विस्तवापुढे वाळत घातले आणि वाळवणारा काही दिवसांतच दगावला, असे गावात सांगतात. ज्याचे नाव यात घेतले जाते तो जॉर्ज व्हिकर्स. त्याच्या दफनाची नोंद ७ सप्टेंबर १६६५ ची आहे. या कथेचा ठळक छापील आधार म्हणजे लंडनचा वैद्य रिचर्ड मीड याच्या साथरोगांवरील ग्रंथाची १७२२ ची आवृत्ती. तिच्यात पेटी उघडणारा केवळ ‘नोकर’ आहे, त्याला नाव नाही. फ्रान्समधील मार्से बंदरातल्या प्लेगच्या साथीनंतर इंग्लंड सरकारच्या सांगण्यावरून मीडने हा ग्रंथ लिहिला होता. कापडासारख्या मालातून रोग पसरतो आणि म्हणून माल व माणसे अडवली पाहिजेत, असे त्याचे प्रतिपादन होते. ईमचे उदाहरण त्याला अगदी सोयीचे पडले, हे वाचताना विसरू नये.

पिसवा मीडच्या वृत्तांतात नाहीत आणि त्या काळी असणेही शक्य नव्हते. प्लेगच्या प्रसारातील पिसवांचा वाटा पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिला आणि १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतील प्लेग आयोगाच्या कामाने त्याला पुष्टी मिळाली. पिसवांनी भरलेल्या कापडाची आजची कथा त्यानंतर जुळवलेली, म्हणजे जुन्या आठवणीवर नव्या शास्त्राचे कलम केलेली आहे. दफनांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये केलेल्या एका गणिती अभ्यासात तर बहुतांश लागण माणसाकडून माणसाला, विशेषतः एकाच घरातल्यांना झाली असावी, असा निष्कर्ष काढला आहे.

हिवाळ्यात साथ ओसरली. १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा भडकली. ऑगस्टमध्ये सु. ७८ माणसे दगावली. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबरचा मानतात. गावचा धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन याने त्याच महिन्यातील पत्रात ७६ कुटुंबे व २५९ मृत्यू असे आकडे दिले आहेत. दफननोंदवही मात्र नंतरची नक्कल असून तिच्या आधारे २६० पासून २७३ पर्यंत संख्या सांगितल्या जातात. खरा वाद लोकसंख्येचा आहे. जुने लेखक ती सु. ३५० धरत, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश गाव नाहीसे झाले असे होते. चुलीवरील कराच्या नोंदी व नोंदवही ताडून पाहणाऱ्या अलीकडच्या अभ्यासकांच्या मते वस्ती सातशेच्या आसपास किंवा जास्त होती. तसे असल्यास मृतांचे प्रमाण निम्म्याहून कमी ठरते. नवा अंदाज अधिक विश्वसनीय दिसतो.

वेशबंदीचा निर्णय जून १६६६ च्या सुमाराचा. चर्च बंद करून कक्लेट डेल्फ या दरीत उघड्यावर प्रार्थना होऊ लागल्या आणि आपापले मृत ज्याच्या त्याने पुरावे, असे ठरले. अर्ल ऑफ डेव्हनशरने चॅट्सवर्थ येथील आपल्या वाड्यातून धान्य पुरवल्याचे सांगतात. मीडने सारे श्रेय मॉम्पेसनला दिले आहे. १६६२ मध्ये धार्मिक कायद्यामुळे पदच्युत झालेला, पण लोकांच्या मनातून न उतरलेला आधीचा धर्मोपदेशक टॉमस स्टॅन्ली याचा वाटा त्याच्या, राजमान्य चर्चबाहेरील पंथाच्या लेखकांनी पुढे मांडला. गावातीलच विल्यम वुड याने १८४२ मध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकलेले ग्रथित केले आणि आज सांगितले जाणारे बहुतेक तपशील त्याच्याकडूनच आलेले आहेत. ग्रामस्थांच्या एकमुखी त्यागाचे चित्र साथीच्या काळापेक्षा नंतरच्या शतकांनी घडवले, असे पॅट्रिक वॉलिस या इतिहासकाराचे मत आहे व ते पटण्याजोगे आहे. मॉम्पेसनची मुले आधीच बाहेर पाठवली होती. काही सधन घरांनीही वेळीच गाव सोडल्याचे सांगतात. जवळच्या टाइड्सवेल गावच्या बाजारात गेलेल्या ईमच्या बाईला लोकांनी ओळखून चिखल व खाद्यपदार्थ मारीत हाकलले, ही आठवण खरी असेल तर वेस दोन्ही बाजूंनी बंद होती. तरीही वेशबंदी निव्वळ कल्पित होती असे म्हणता येत नाही.

शेजारच्या स्टोनी मिडलटन गावच्या वाटेवर हद्दीचा एक दगड आहे. त्याच्या माथ्यावर पाडलेल्या भोकांत, नाण्यांतून रोग जाऊ नये म्हणून, व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवीत व शेजारचे लोक बदली जिन्नस ठेवून जात, अशी परंपरा आहे. उत्तरेकडील झऱ्याला मॉम्पेसनचे नाव असून तेथेही असाच व्यवहार चाले. गावाबाहेरील रायली येथील थडग्यांचा पुरावा अधिक बळकट आहे : ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉकने नवरा व सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. एमट सिडल आणि शेजारगावच्या रोलंड टॉर यांची प्रेमकथा मात्र परंपरेपलीकडे कोठे आढळत नाही. मॉम्पेसनची पत्नी कॅथरीन ऑगस्टमध्येच वारली. तो १६६९ मध्ये नॉटिंगहॅमशरमधील ईकरिंगला गेला, तर तेथले लोक त्याला गावात घ्यायला घाबरले.

१८६६ मध्ये द्विशताब्दी झाली. पुढे ऑगस्टचा शेवटचा रविवार स्मरणदिन म्हणून रूढ झाला. प्लेगने ग्रासलेल्या घरांपुढे मृतांच्या नावांच्या पाट्या आहेत. वाचलेल्यांच्या वंशजांत एक विशिष्ट जनुकीय बदल आढळतो व तोच त्यांच्या बचावाचे कारण असावा, असे २००० च्या सुमारास सुचवले गेले. पुढील संशोधनाने ते फारसे उचलून धरलेले नाही.

कवयित्री ॲना सेवर्ड हिचा जन्म ईमचा (१७४२). गावात रेशीम विणकाम, पादत्राणे व फ्लोरस्पार या खनिजाचे खाणकाम हे धंदे चालत. १९९४ पासून येथे संग्रहालय आहे.